चामड्याचा वास लावलेला माणूस

पार्सल आलं तेव्हा मी बाबांची चादर धूत होतो. दाराला आतून कुलूप, किल्ली माझ्या शर्टाच्या खिशात, हात कोपरापर्यंत साबणात. बाहेर कुरिअरवाला बेलवर बेल मारत होता. आतून मी ओरडत होतो, "अरे थांब, आलो!" आणि पलंगावरून बाबा विचारत होते, "कोण आलंय? तपासणी आहे का?" बाबा आयुष्यभर शाळामास्तर. त्यामुळे दार वाजलं की तपासणीच आली असणार, असं त्यांना वाटायचं.

कुलपाचं कारण सांगितलं पाहिजे. लकव्याच्या झटक्यातून बाबा उठले, हातपायही बऱ्यापैकी चालायला लागले, पण डोकं मागे राहिलं. दोनदा ते घरातून निघून गेले. एकदा भातगिरणीच्या फाटकापाशी सापडले, एकदा चंद्रपूरच्या रस्त्यावर ट्रकच्या गर्दीत. तेव्हापासून मूलमधल्या आमच्या दोन खोल्यांच्या घराला दिवसभर आतून कुलूप असतं. कुलूप त्यांच्यासाठी होतं, पण त्यांच्याबरोबर आत मीही होतो.

मी कुरखेड्याला सरकारी कचेरीत कारकून होतो. बायको मुलचेऱ्याकडे आरोग्य उपकेंद्रात नर्स. बाबांचं असं झालं तेव्हा दोघांपैकी एकानं घरी बसणं भाग होतं. "मी बसतो," असं मी मोठ्या अवसानात म्हणून गेलो, स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला आणि तिसऱ्या दिवशी पस्तावलो. लोक भेटले की म्हणायचे, "गुरुजी नशीबवान हाय, असा पोरगा भेटला." असं म्हणून ते आपल्या कामाला निघून जायचे आणि मी घरी येऊन कुलूप लावायचो.

तर घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तसं ते पार्सल. पुण्यात नोकरी करणाऱ्या लेकीनं माझ्या वाढदिवसाला सेंट पाठवला होता. जाड काचेची काळपट बाटली, आणि सोबत इंग्रजीत छापलेलं एक कार्ड. मी तिला फोन केला.

"पप्पा, लेदर परफ्यूम आहे. एकदम क्लासी."

"लेदर म्हणजे चामडं?"

"फक्त वास. त्यात चामडं नसतं काही. कंपनीत बनवतात."

कार्डावर काय लिहिलंय ते तिनं मराठीत सांगितलं. हा गंध अशा पुरुषाचा, जो आपला रस्ता आपण निवडतो. तो कुणाला कारण सांगत नाही. त्याला कुणी अडवत नाही. तो मागे वळून पाहत नाही. मी हे ऐकत होतो तेव्हा खांद्यावर बाबांचा ओला पायजमा होता. मला हसू आलं, आणि नंतर रागही आला. लेकीवर नाही, त्या कार्डावरच्या माणसावर.

चामडं का, असं मी विचारलं त्याला कारण होतं. आमच्या घरात चामडं येत नसे. बाबा कॅनव्हासचे बूट घालायचे, पट्टा रेक्झिनचा, घड्याळाला स्टीलची साखळी. मी शाळेत असताना चामड्याचा जुना चेंडू घरी आणला होता, तर त्यांनी तो चिमट्यानं धरून बाहेर फेकला आणि मला न्हाणीत नेऊन माझे हात तीनदा धुतले. का, ते विचारायची सोय नव्हती. "आपल्याला नको," एवढंच उत्तर. आमच्या घरानं छप्पन साली चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, धम्म स्वीकारला. त्याआधी आपल्या लोकांना गावातली मेलेली ढोरं ओढावी लागायची, हे मी भाषणांतून ऐकलं होतं. पण ते भाषणातलं होतं. घरात त्याबद्दल कुणी बोललं नाही. आजोबांचं मला काही आठवत नाही, मी दोन वर्षांचा असताना ते गेले.

तसंच बोलण्याचं. बाबांनी पुस्तकातली मराठी घरात आणली आणि ती अशी बसवली की मी एकदा "मले" म्हणालो तर शंभर वेळा "मला" लिहायला लावलं. गल्लीतली पोरं मला पुणेकर म्हणून चिडवायची. झाडीपट्टीतल्या पोराला झाडीची बोली येऊ नये, असा कारभार. समजायची सगळी. बोलायला जीभ वळायची नाही.

बाटली चार दिवस कपाटावर पडून होती. पाचव्या दिवशी संध्याकाळी मी ती उघडली.

संध्याकाळी पाच ते सहा हा माझा सुटकेचा तास होता. शेजारी मासोळ्या विकणारी एक बाई राहते. तिचा नवरा आणि दीर तलावात जाळं टाकतात, ही सकाळी बाजारात बसते. ती पाच वाजता यायची, आतून कुलूप लावून घ्यायची आणि बाबांशी बोलत बसायची. तिच्या मुलीला बाबांनी शिकवलं होतं, एवढ्यावर ती हे करत होती. मी नुसता चालून यायचो.

त्या दिवशी मनगटावर आणि कॉलरवर एकेक फवारा मारून निघालो. आधी धुरासारखा वास आला, मग तंबाखूसारखा, आणि चौकात पोचेपर्यंत घामाबरोबर मिसळून खरोखरच चामड्याचा झाला. जिवंत, उबदार, किंचित गोडसर. मला तो आवडला, हे सांगून टाकतो. लाज वाटण्याइतका आवडला. पानठेल्यावरचा माणूस म्हणाला, "का साहेब, कोठून आले?" बारा वर्षं मला ओळखणारा माणूस! बँकेत एकदा कर्मचाऱ्यानं बाबांच्या पेन्शनच्या कागदासाठी तिसऱ्यांदा उद्या या म्हटलं, तर मी खुर्ची ओढून बसलो आणि म्हणालो, "उद्या नाही. आज." आणि त्यानं केलं. मी खांदे सरळ करून चालायला लागलो. सेंटची बाटली माझ्या सगळ्या कपड्यांहून भारी होती, नाकापेक्षा मोती जड, पण एक तास मी कुणाचाही मुलगा नसायचो.

एके दिवशी तर बसस्टँडवर चंद्रपूरची गाडी लागली होती आणि मी चढलो. कशाला, ते मलाच माहीत नव्हतं. खिडकीशी बसलो. गाडी गावाबाहेर पडली, धानाच्या बांध्या लागल्या. मग कंडक्टर तिकिटाला आला आणि मी म्हणालो, पुढच्या थांब्यावर उतरवा. चालत परत आलो. पाऊण तास उशीर झाला होता. बाई नुसती कुलूप उघडून बाजूला झाली.

मग बाबांचं जेवण तुटलं.

आधी त्यांनी माझ्या हातचा घास नाकारला. मी जवळ गेलो की ते भिंतीकडे सरकायचे. दोन्ही तळवे चादरीवर घासत राहायचे, घासून घासून लाल करायचे. कपडे बदलायला गेलो की अंग आकसून घ्यायचे, आणि नेमके तेव्हाच कपडे ओले करायचे. मला वाटलं, दुखणं पुढे सरकलं. डॉक्टरही तेच म्हणाले. बाईच्या हातून दोन-चार घास जायचे, माझ्या हातून एकही नाही. याचा मला राग यायचा. माझी नोकरी गेली, बायको महिन्यातून दोनदा दिसते, आणि हा म्हातारा मासोळीवालीच्या हातून जेवतो! एकदा मी ताट आपटलं आणि ओरडलो, "मी काय मारतोय का तुम्हाला?" त्यावर त्यांनी दोन्ही हातांनी डोकं झाकलं. मारापासून डोकं वाचवावं तसं. ते मला अजून दिसतं.

खोलीत लघवीचा वास भरून राहायला लागला. फिनाईलनं पुसलं तरी जाईना. तेव्हा मी शहाण्यानं काय करावं? सेंट खोलीत मारला. चादरीवर, उशीवर, पडद्यावर. रोज सकाळी मारायला लागलो. आणि बाबांनी बाईच्या हातूनही खाणं सोडलं.

वजन भराभर उतरलं. डॉक्टर म्हणाले, सोमवारपर्यंत पाहू, नाहीतर चंद्रपूरला भरती करून नाकातून नळी घालावी लागेल. बायको फोनवर म्हणाली, "नळी घालू द्या. मी रोज बघते, त्यानं माणूस तगतो." तगतो हे खरं. पण आधीच्या भरतीत बाबांच्या शेजारच्या खाटेवर असाच एक म्हातारा होता. तो नळी उपसून काढायचा, म्हणून त्याचे दोन्ही हात पट्टीनं खाटेला बांधले होते. तो दिवसभर छताकडे पाहून "सोडा, सोडा" म्हणायचा. बाबा नळी उपसणार हे मला पक्कं ठाऊक होतं. खडू धरलेले ते हात खाटेला बांधलेले मला बघवणार नव्हते. आणि सोमवारला पाच दिवस उरले होते.

बुधवारी सकाळी मी पेजेची वाटी घेऊन पलंगाशी बसलो. बाबा उठून बसले. माझ्याकडे बघितलं आणि हात जोडले.

"बा," ते म्हणाले, "मले आज नोको नेऊ."

मी त्यांच्या तोंडून हे शब्द कधीच ऐकले नव्हते. मले. नोको.

"आज शाळेत तपासणी हाय बा. मास्तर हात हुंगून पाह्यते. मी राखेनं घासले, लिंबाच्या पाल्यानं घासले, तरी वास जात नाई." असं म्हणून त्यांनी तळवे माझ्यापुढे केले. लाल झालेले, सोललेले. "मले बाहेर बसवते. पाटलाचा बैल मेला तं मी काऊन येऊ? तू दुसऱ्याले ने ना बा."

वाटी माझ्या हातात होती आणि पेज गार होत होती. ढोरं ओढण्याचं मी भाषणांत ऐकलं होतं. त्या दोरीचं एक टोक माझ्या बापाच्या हातात होतं, नऊ-दहा वर्षांच्या पोराच्या हातात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि मी गेला महिनाभर रोज त्या ढोराचा वास अंगाला लावून त्यांच्या उशाशी येऊन बसत होतो. त्यांच्या उशीवर मारत होतो. महागाचा. लेकीनं हौसेनं पाठवलेला.

त्या दिवशी मी घर धुतलं. चादरी, पडदे, उशांचे अभ्रे सोड्यात उकळले, गादी उन्हात टाकली, अंग घासून काढलं. बाटली न्हाणीच्या वरच्या फळीवर ठेवली, फेकवली नाही. लेकीला सांगितलं नाही, तिचा काय दोष? मला वाटलं, वास गेला की भीती जाईल आणि भीती गेली की भूक येईल. सरळ हिशेब.

भीती गेली. गुरुवारी बाबा मला घाबरले नाहीत. कपडे बदलू दिले, तोंड पुसू दिलं. पण मला ओळखतही नव्हते. दारावर डोळे लावून बसले होते. बाई आली तशी तिला म्हणाले, "बा कुठी गेला?"

"कोणाचा बा, गुरुजी?"

"माहा बा. एकटाच गेला का ढोर ओढाले? बैल हाय. एकट्याले नाई झेपत." आणि पेजेचा चमचा हातानं बाजूला केला. "बा आल्यावर जेवतो."

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. बा आल्यावर जेवतो. मी सांगून पाहिलं, बा येतोय, वाटेत आहे, तुम्ही जेवून घ्या. ते माझ्याकडे अशा नजरेनं बघायचे की खोटं बोलणारा विद्यार्थीच मी. बाई म्हणाली, "भाऊ, गुरुजी भीत होते ते बरं होतं. आता तं वाट पाहून राह्यले. वाट पाहणाऱ्याले कोण जेवू घालन?" मला तिचा राग आला, कारण ती बरोबर होती.

शनिवारी दुपारी बाबांचे ओठ सुकून पांढरे पडले होते. बायको चारच्या गाडीनं निघणार होती. भरतीची पिशवी भरून दारात ठेवलेली. मी बाईला बसवलं आणि न्हाणीत गेलो. बाटली उतरवली. पुन्हा तो वास लावून त्यांच्यासमोर जायचं म्हणजे दुखऱ्या जागेवर मुद्दाम बोट ठेवायचं. त्यांनी पुन्हा डोकं झाकलं असतं तर मी काय केलं असतं, माहीत नाही. तरी मी लावला. मनगटावर नाही, दोन्ही तळहातांवर लावला आणि घासला. शर्ट काढून ठेवला, बनियनवर गेलो. आजोबांचा एकही फोटो नाही आमच्याकडे. ते कसे उभे राहायचे, कसे बोलायचे, मला काही ठाऊक नव्हतं. पाटलानं बोलावलं की ज्याला नाही म्हणता येत नव्हतं, जायचं नसलं तरी ज्याला आपलं पोर सोबत न्यावं लागत होतं, एवढाच तो माणूस मला माहीत होता. कार्डावरच्या माणसाला कुणी अडवत नसे. याला कुठे जायची सोयच नव्हती.

मी पलंगाशी जाऊन उभा राहिलो. बाबांच्या नाकपुड्या हलल्या. ते सावरून बसले, पाय खाली सोडले, आणि उठायलाच लागले. न्यायला आलाय, आता जावं लागणार, असं समजून. नको म्हणालेच नाहीत या वेळी. बाईनं त्यांना दंडाला धरलं.

"बस पोरा, बस," मी म्हणालो. आवाज माझा मलाच ओळखू येईना. जीभ अडखळत होती. शंभर वेळा "मला" लिहून वळवलेली जीभ ती. "तू नोको येऊ."

ते पुन्हा पलंगाच्या कडेला टेकले.

"तू शाळेत जाय. आज तुही तपासणी हाय ना?"

"हो."

"मंग जाय. जेव अन् जाय. आजपासून तुले नाई नेत मी. कधीच नाई नेत."

बाबांनी आपले तळवे पाहिले. मग माझे पाहिले. माझा उजवा हात धरला आणि नाकाशी नेला. मी हात ओढून घेतला नाही. त्यांनी हुंगला, आणि तो तसाच आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बाई तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली. माझंही रडू मी आवरलं नाही, पण पेजेचा चमचा भरून पुढे केला.

तोंड उघडण्याआधी ते थांबले.

"बैल हाय बा," ते म्हणाले. "तुले एकट्याले झेपन का?"

कुलूप दाराला होतं. किल्ली काढून ठेवलेल्या शर्टात.

"झेपते," मी म्हणालो. "तू खाय."

आणि त्यांनी खाल्लं.